ओम हेस्कीची माकडं

तांते आल्चेला छप्पन्नाव्या वर्षी दिवस गेले, ही बातमी गावात मी पसरवली. आता लपवून काय उपयोग? पण बातमी मुळात माझी नव्हती. ती निघाली ओम हेस्कीच्या वहीतून, आणि ओम हेस्की तर जन्मात कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगते.

आमच्याकडे काकाला ओम म्हणतात आणि काकूला तांते. हेस्की मानुम्पिल माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेणीला काटक्या बांधायचा. तरी मीसुद्धा त्याला ओमच म्हणते, कारण त्याचा चेहराच काकाचा. विशीत असतानाही तो कुणाचा तरी काका दिसायचा.

आमच्या वातुलिने गावाला पुढून समुद्र, मागून अभयारण्य, आणि अभयारण्याच्या डोक्यावर धुमसणारा डोंगर. डोंगराला आम्ही ओपो म्हणतो, म्हणजे आजोबा. आजोबा खोकतात, गुरगुरतात, कधी अंगणात राख थुंकतात. आम्ही वाळत घातलेले कपडे आत घेतो आणि कामाला लागतो. अभयारण्याच्या फाटकाशी माझं केळी तळायचं दुकान आहे. गरम केळी आणि वर सुक्या माशाची झणझणीत चटणी. जंगल बघायला आलेले परदेशी लोक एका घासात रडायला लागतात आणि दुसरी थाळी मागतात.

ओम हेस्की आधी नारळ पाडायचा. माडावर तो असा चढायचा, की खालून बघणाऱ्याला वाटावं, जिनाच आहे. एकेचाळिसाव्या वर्षी एकदा ओल्या खोडावरून पाय सुटला. खाली नांगरलेली माती होती म्हणून जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं. गाव गोळा झालं. कुणी म्हणे उचला, कुणी म्हणे बसवा, कुणी म्हणे घोटभर ताडी पाजा. तेवढ्यात तांते आल्चे आली. ती आमच्या हुकुम तुआची, म्हणजे गावप्रमुखाची बायको. हातात झाडू होता, तोच तिनं फिरवला. "लांब व्हा सगळे! कुणी त्याला बोट लावलं तर याद राखा!" गाडी यायला तीन तास लागले. तेवढा वेळ ती त्याच्या उशाशी बसून झापानं वारा घालत होती, आणि जवळ येणाऱ्याला शिव्या.

हाड जुळलं, पण पाय किंचित आखूड झाला. माड संपले. त्याची बायको नोंचे माझी जिवाभावाची मैत्रीण. ती म्हणायची, "दिवसभर पायरीवर बसून कोंबड्यांकडे बघत असतो गं. कोंबड्यांनासुद्धा कंटाळा आला त्याचा."

त्याच सुमारास अभयारण्यात परदेशातून एक बाई आली, माकडांचा अभ्यास करायला. आमची माकडं म्हणजे काळी कुळकुळीत, डोक्यावर तुरा, शेपटीच्या जागी नुसतं बोंड आणि मागचा भाग गुलाबी. बाईला माणूस हवा होता. कळप उजाडता उठायच्या आत झाडाखाली हजर व्हायचं, दिवसभर मागं हिंडायचं, कुणी काय खाल्लं, कुणी कुणाला चोपलं, कोण कुणापाशी बसलं, ते लिहायचं. लंगडणाऱ्या माणसाला कोण घेणार? पण बाईनं टेबलावर साठ फोटो मांडले आणि विचारलं, यातले एकाच माकडाचे कुठले? गावातल्या धडधाकट जवानांनी डोकं खाजवलं. ओम हेस्कीनं पत्ते लावावेत तसे फोटो लावले. एकही चुकला नाही. बाईनं त्याच दिवशी त्याला बूट दिले.

अडचण आली ती वेगळीच. बाईनं प्रत्येक माकडाला आकडा दिला होता. सतरा, बावीस, एकतीस. ओम एकदा पाहिलेला चेहरा विसरत नसे, आणि एकदा ऐकलेला आकडा त्याला आठवत नसे. चार दिवस त्यानं तळहातावर आकडे लिहून नेले, घामानं पुसले गेले. पाचव्या दिवशी कळपाचा म्होरक्या पोट पुढं काढून वाटेत उभा राहिला, मागं वळून सगळे येताहेत ना बघितलं, आणि ढेकर दिला. ओमच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा तर आपला हुकुम तुआ!"

मग काय, सगळं सोपं झालं. त्यानं आपल्या खिशातल्या वहीत गावच उतरवलं. संध्याकाळी अभयारण्याच्या कचेरीत बसून तो नावांचे आकडे करायचा आणि बाईला द्यायचा. नावांचं कुणालाच सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. मुळात तो बायकोला "मीठ कमी आहे" एवढंही सांगत नसे, नुसता मिठाकडे बघायचा.

असं सहा वर्षं चाललं. मग एक दिवस नोंचेनं त्याची पँट धुवायला घेतली आणि खिशात वही सापडली.

ती पळतच माझ्या दुकानात आली. "मेइती, दुकान बंद कर."

"सकाळी आठ वाजता?"

"मग निदान गॅस बारीक कर. हे ऐक." आणि ती हळू आवाजात वाचायला लागली. "सोमवार. हुकुम तुआ आणि दोल्फिना उंबराच्या झाडामागं. हुकुम तुआनं पाऊण तास तिच्या केसांतून बोटं फिरवली. आल्चे आली. दोल्फिनाकडे बघून दात विचकले."

माझ्या हातातलं केळं कढईत पडलं. दोल्फिना म्हणजे आमच्या चर्चच्या गायनमंडळाची प्रमुख. विधवा, देखणी, आणि केस अजून कमरेपर्यंत.

"पुढं वाच!"

"मंगळवार. हुकुम तुआनं पाळकबाईंच्या हातातलं फळ हिसकावलं. पाळकबाई झाडावर जाऊन बसल्या."

"झाडावर? त्यांचे तर गुडघे दुखतात."

"रागाच्या भरात माणूस काय करेल सांगता येतं का? हे बघ, बुधवार. आल्चे नक्की पोटुशी. पोट आता स्पष्ट दिसतं."

रविवारी प्रवचन देणाऱ्या पाळकबाई झाडावर चढल्या तिथंच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण त्या घटकेला आम्ही दोघी उंबराच्या झाडामागं अडकलो होतो.

"पण ओम हे सगळं लिहून का ठेवतोय?" मी विचारलं.

"गावप्रमुखाची निवडणूक जवळ आलीये," नोंचे म्हणाली. "कुणीतरी याला पाळतीवर ठेवलंय. मेइती, शपथ घे गळ्याची. कुणाला सांगायचं नाही."

मी शपथ घेतली. दुपारपर्यंत फक्त चौघींना सांगितलं, आणि त्या चौघींनाही शपथ घातली.

शनिवारी शेजारची म्हातारी लोकरीचं इवलंसं टोपडं विणून तांते आल्चेच्या दारात गेली आणि म्हणाली, "देवाची करणी! या वयात जपून हो बाई, जड उचलू नकोस." तांते आल्चेला स्वतःचं मूल नव्हतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. ती टोपड्याकडे बघत राहिली म्हणे, आणि मग तिनं विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

तांते आल्चेनं बातमीचा माग असा काढला, की पोलिसांनी शिकवणी लावावी. म्हातारी, तिची सून, सुनेची जाऊ, मी. रविवारी चर्च सुटल्यावर ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं काही विचारायच्या आत मी नोंचेकडे बोट दाखवलं. अजूनही लाज वाटते त्याची.

तशीच सगळी वरात ओम हेस्कीच्या ओसरीवर गेली. पुढं तांते आल्चे, मागं लालबुंद झालेला हुकुम तुआ, त्याच्यामागं दोल्फिना गाण्याचं पुस्तक छातीशी धरून. ओम मक्याचे दाणे सोलत होता.

"हेस्की," हुकुम तुआ गरजला, "मी दोल्फिनाच्या केसांतून बोटं फिरवली?"

ओमनं मान वर केली. आधी हुकुम तुआकडे बघितलं, मग नोंचेच्या हातातल्या वहीकडे, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

"तुम्ही नाही," तो म्हणाला. "माकडानं."

"कुठल्या माकडानं?"

"हुकुम तुआनं."

मग तांते आल्चे सावकाश म्हणाली, "म्हणजे माझं नाव तू माकडिणीला दिलंस?"

"चांगली आहे ती," ओम घाईनं म्हणाला. "कळपात सगळ्यांत चांगली."

"आणि पोटुशी?"

"ती. तुम्ही नाही."

दोल्फिना पुस्तकाआड हसायला लागली होती. हुकुम तुआला मात्र हसू येत नव्हतं. "गावाच्या प्रमुखाला माकड म्हणतो! उद्या कचेरीत जाऊन तुझी तक्रार करतो. सगळ्या गावाला माकड म्हणतो हा!"

ओमनं आयुष्यात तोवर कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. पण त्या दिवशी तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तक्रार करा. पण आधी एकदा बघा. फाटकापासून अर्ध्या तासावर आहेत. जगभरातून लोक येतात बघायला. आपल्या गावातून सहा वर्षांत कोण आलं?"

खरंच होतं ते. मी रोज फाटकाशी बसते, पण आत शेवटची गेले होते ती लहानपणी, सरपणाला. नंतर ते सरकारचं झालं, मग परदेशी लोकांचं. आमचं उरलं ते फाटक.

मंगळवारी उजाडायच्या वेळी आम्ही निघालो. ओम पुढं, मागं हुकुम तुआ बायकोसह, दोल्फिना, नोंचे आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण शिदोरीची टोपली माझ्याकडे होती. पायवाटेवरची राख अजून ओली होती. आदल्या रात्री आजोबा दोनदा खोकले होते. एका पोकळ झाडाच्या भेगेतून मुठीएवढा प्राणी, बशीएवढे डोळे करून आमच्याकडे बघत होता. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली, पंखांचा आवाज असा, की कुणीतरी सतरंजी झटकतंय.

गंमत म्हणजे गावात लंगडणारा ओम तिथं लंगडत नव्हता. म्हणजे लंगडत असेलच, पण मुळं आणि दगड असे होते की आम्हीच सगळे त्याच्याहून वाईट चालत होतो. आणि तो बोलत होता! "इथं वाका. या पानाला हात लावू नका, खाज येते. हुकुम तुआ, डावीकडून." नोंचे माझ्या कानात म्हणाली, "एवढं तर हा लग्नात बोलला नव्हता."

आणि मग माकडं समोरच आली. साठ-सत्तर तरी असतील. झाडावरून उतरली आणि आमच्या बाजूनं निघून गेली, आठवड्याच्या बाजाराला निघाल्यासारखी. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"तो बघा," ओम हळूच म्हणाला.

वाटेच्या मधोमध तो उभा राहिला. पोट पुढं. तुरा ताठ. मागं वळून बघितलं. मग खाली बसून त्यानं पोट खाजवलं. मी ओठ इतके दाबले की दुखायला लागले. तेवढ्यात तांते आल्चे म्हणाली, "अगदी जेवण झाल्यावर बसतात तसंच," आणि दोल्फिना खाली बसून हसायला लागली.

हुकुम तुआ दोन पावलं पुढं झाला. मग त्यानं विचारलं, "सगळे याला मानतात?"

"सगळे."

"भांडण झालं तर?"

"हा मध्ये जाऊन बसतो. मारत नाही. नुसता बसतो. भांडण मिटतं."

हुकुम तुआनं घसा साफ केला आणि शर्ट खाली ओढला. "हं," तो म्हणाला. "चांगलं नाव शोधलंस."

वहीतली दोल्फिनाही दिसली. केस खरंच सुंदर होते. दुसरी एक जवळ आली, तिनं दात दाखवले आणि ओठ चपचप वाजवले. आम्ही दचकलो. ओम म्हणाला, "राग नाही तो. दात दाखवणं म्हणजे यांच्यात, ये गं, बैस. ही आल्चे."

तिच्या पोटाला पिल्लू चिकटलं होतं, एक-दोन दिवसांचं, फिकट चेहऱ्याचं.

तांते आल्चे एक पाऊल पुढं गेली आणि थांबली. "हिलाच माझं नाव का रे?"

ओम जमिनीकडे बघत म्हणाला, "पहिल्या वर्षी एक नर फांदीवरून पडला. सगळी त्याला हात लावायला गोळा झाली. हिनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दिवसभर शेजारी बसून होती. मी लिहायला घेतलं तेव्हा दुसरं नाव सुचलंच नाही."

तांते आल्चेनं डोळ्यांवरून हात फिरवला आणि एकदम कडक आवाजात विचारलं, "पिल्लाचं नाव ठेवलंस?"

"अजून नाही."

तेवढ्यात पिल्लानं असा आवाज काढला, की कानठळ्या बसाव्यात. थांबेचना. तांते आल्चे माझ्याकडे वळली. "मेइती," ती म्हणाली. "हिचं नाव मेइती ठेव. तोंड मिटत नाही हिचं."

सगळे माझ्याकडे बघून एवढे हसले, की कळप वर झाडावर गेला. मी टोपली उघडली आणि सगळ्यांना केळी वाढली. त्यातच माझी शिक्षा संपली.

तक्रार राहिली बाजूला, दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानापाशी रांग लागली. आमचा कोण आहे, माझी कोण आहे, विचारायला. सुतार आला, दाई आली, ओमच्या वहीत आपलं नाव नाही म्हणून रुसून मास्तर गेले. पाळकबाई गुडघ्याला पट्टी बांधून आत जाऊन आल्या आणि येताना म्हणाल्या, "माझं फळ घेतलं ते बरोबर नाही केलं त्यानं."

त्या वर्षी सुगीच्या आभाराच्या सणाला नेहमीप्रमाणं घराघरांत पातेली चढली. आमच्याकडे त्या दिवशी रानातलं मांस असायचंच, आणि त्यात एखादं पातेलं माकडाचं. कुणी लपवत नसे. त्या वर्षीही दोन घरांनी शहरातल्या बाजारातून आणलं. पानं वाढली गेली, आणि लोक पातेल्याकडे बघत बसले. शेवटी सुतार म्हणाला, "ही कोण होती, कुणास ठाऊक." झालं. झाकण पडलं ते पडलंच. नंतरच्या वर्षी कुणी आणलंच नाही. त्यावर भाषणं झाली नाहीत, फलक लागले नाहीत.

दोन वर्षांनी आजोबा नुसते खोकले नाहीत. भर दुपारी काळोख झाला, खडे पडायला लागले, आणि आम्ही सगळे ट्रकमध्ये बसून किनाऱ्यानं वीस किलोमीटर लांबच्या गावी गेलो. तिथल्या चर्चच्या हॉलमध्ये पाच दिवस चटया टाकून होतो. सगळी माणसं सुखरूप होती. कोंबड्या, डुकरं गेली काहींची. पण ओम हेस्की खिडकीतून हलेना. नोंचे ताटली नेऊन ठेवायची आणि तशीच परत आणायची.

सहाव्या दिवशी परवानगी मिळाली. ओम आणि कचेरीतले दोघं नाकाला फडकी बांधून आत गेले. आम्ही गावात येऊन राख उपसत होतो, पण खरं म्हणजे सगळ्यांचे कान फाटकाकडे होते. दुपारी चारला ओम बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत करडा. माझ्या बाकावर बसला. बघता बघता अर्धं गाव जमलं, फावडी हातात घेऊन.

त्यानं वही काढली. मोठ्यानं वाचायची त्याला सवय नव्हती, आवाज फुटत होता.

"आल्चे, आहे. दोल्फिना, आहे. सुतार, आहे, हात भाजलाय. पाळकबाई, आहेत." नाव आलं की एखादा श्वास सोडायचा. "दाई, नाही." दाई तिथंच होती. तिनं छातीवर हात ठेवला, बाकीच्यांनी तिच्या पाठीवर. "मेइती, आहे." मला रडू येईल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

शेवटी त्यानं वही मिटली. "हुकुम तुआ दिसला नाही."

आमचा हुकुम तुआ मागं उभा होता. तो म्हणाला, "सत्तर वर्षांचा होईन आता मी. याहून वाईट बातम्या ऐकल्यात." पण दुसऱ्या दिवशी उजाडता तो ओमच्या दारात काठी घेऊन उभा होता. "चल."

"चढ आहे. राख घोट्यापर्यंत आहे."

"मी विचारलं का?"

सहा दिवस दोघं रोज जात होते. संध्याकाळी परत यायचे, एक लंगडत, एक धापा टाकत. माझ्या बाकावर बसायचे, आणि मी काही विचारत नसे. मी! यावरून समजा. सातव्या दिवशी आले ते हसत नव्हते, पण हुकुम तुआनं बसायच्या आधीच दोन थाळ्या सांगितल्या.

"सापडला?" मी विचारलं.

"सापडला. ओढ्याच्या पलीकडं. कानाचा तुकडा गेलाय, वाळलाय जरा." त्यानं केळं चटणीत बुडवलं. "एवढा डोंगर चढून गेलो, मी समोर उभा राहिलो, तर त्यानं पाठ फिरवली. ओळखसुद्धा दिली नाही."

"मला दिली," ओम म्हणाला.

"तुला कशी दिली?"

"ओठ वाजवले."

"मग मला का नाही वाजवले?"

"तुम्ही काठी आपटत आलात."

यावर त्यांचं जे भांडण जुंपलं, ते दोन्ही थाळ्या संपेपर्यंत. मग ओम हेस्की घरी गेला, बूट न काढता आडवा झाला, आणि शनिवारी संध्याकाळी झोपला तो रविवारी दुपारपर्यंत. चर्च बुडलं. नोंचेनं पाळकबाईंना सांगितलं की त्याला ताप आहे. पाळकबाई म्हणाल्या, झोपू दे त्याला, ताप असू दे नाहीतर नसू दे.